ओझं आणि परतीची वाट: अवघड आरपीजी गेममध्ये इन्व्हेंटरी आणि फास्ट ट्रॅव्हल सांभाळायचं कसं

अवघड आरपीजीत (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये) नवखे खेळाडू बहुधा लढाई जिंकल्यावर अडकतात. गुहेच्या तळाशी पोचलेले असतात, बॅगेत (इन्व्हेंटरीत) मावणार नाही इतकी लूट समोर पडलेली असते, औषधं संपत आलेली असतात, आणि मॅप उघडून घरचं ठिकाण निवडलं की स्क्रीनवर ओळ येते: ओझं जास्त झालंय, फास्ट ट्रॅव्हल (मॅपवरून क्षणात दुसरीकडे जाणं) करता येणार नाही. मग एक तर काहीतरी टाकायचं, नाहीतर पाय ओढत तासभर चालायचं. ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करा. सामानाची मर्यादा आणि प्रवासाचे नियम यांचा विचार एकत्रच करायचा असतो, कारण गेम बनवणारेही तो एकत्रच करतात. २००० साली आलेल्या 'डायब्लो २'मध्ये बॅग अगदी लहान आहे, आडवी दहा आणि उभी चार, म्हणजे एकूण ४० घरं. तरीही ती फारशी छळत नाही, कारण टाउन पोर्टलचा स्क्रोल स्वस्त मिळतो, तो वाचला की गावाचं दार समोर उघडतं आणि माल विकून त्याच दारातून परत येता येतं. २०११च्या 'डार्क सोल्स'मध्ये नेमकं उलट आहे. तिथे बॅगेला मर्यादाच नाही, हवं तेवढं उचला. पण गेमचा जवळपास अर्धा भाग संपेपर्यंत एका बॉनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. तिथे तुटवडा रस्त्याचा आहे. तुमच्या गेममध्ये तुटवडा कशाचा आहे हे आधी ओळखायचं, बाकीचं त्यावर ठरतं.

पायरी १: मर्यादा नेमकी कशावर आहे ते पाहा

काही गेम सगळ्या सामानाचं एकूण वजन मोजतात. 'स्कायरिम'मध्ये सुरुवातीला ३०० वजन उचलता येतं आणि लेव्हल वाढताना स्टॅमिना (दम) निवडला की दर वेळी त्यात ५ची भर पडते. 'मॉरोविंड'मध्ये ताकदीच्या आकड्याच्या पाचपट ओझं चालतं. त्यापुढे गेलात की पाय जागचे हलतच नाहीत. काही गेम वजन बघत नाहीत, जागा मोजतात. 'डायब्लो'मध्ये मोठी तलवार जास्त घरं खाते. 'डार्केस्ट डन्जन'मध्ये सगळ्या टोळीला मिळून १६ कप्पे असतात आणि मशाली, अन्न, फावडी आणि लूट हे सगळं त्या सोळांतच बसवावं लागतं.

तिसरा प्रकार नवख्यांना हमखास चकवतो. सोल्स मालिकेतल्या बहुतेक गेममध्ये आणि 'एल्डन रिंग'मध्ये बॅगेतल्या वस्तूंना वजन नसतं, अंगावर चढवलेल्या वस्तूंना असतं. 'एल्डन रिंग'मध्ये तुमच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली ओझं असेल तर कॅरेक्टर वार चुकवायला चपळपणे लोळण घेतं, ७० टक्क्यांखाली असेल तर बऱ्यापैकी, आणि ७०च्या वर गेलं की धपकन आपटतं आणि उठायला वेळ लावतं. जुन्या 'डार्क सोल्स'मध्ये हेच टप्पे २५ आणि ५० टक्क्यांवर आहेत. अवघड बॉसपुढे (मोठ्या, खास शत्रूपुढे) हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. म्हणून नवं चिलखत सापडलं की त्याच्या संरक्षणाचा आकडा बघून लगेच चढवू नका. आधी हत्यार आणि ढाल ठरवा, मग टप्प्याच्या आत उरलेल्या वजनात बसेल तेवढंच चिलखत घाला.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट. हातातल्या हत्याराशिवाय बाजूच्या कप्प्यांत लावून ठेवलेलं धनुष्य किंवा दुसरी तलवार यांचंही वजन धरलं जातं. 'टक्केवारी ७१ का दाखवतंय' या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. ते धनुष्य काढून नुसतं बॅगेत ठेवा. लागेल तेव्हा मेनूतून लावता येतं, आणि तोपर्यंत तुमची लोळण पूर्ववत होते.

पायरी २: प्रवासाचे नियम पहिल्याच तासात तपासा

फास्ट ट्रॅव्हल म्हटलं तरी प्रत्येक गेममध्ये त्याचा अर्थ वेगळा असतो. 'स्कायरिम'मध्ये एकदा पाहिलेल्या जागी मॅपवरून, तुम्ही उघड्यावर असाल तर, कुठूनही जाता येतं. 'द विचर ३'मध्ये त्यासाठी आधी रस्त्यावरच्या एखाद्या दिशाफलकापाशी उभं राहावं लागतं, म्हणजे जंगलाच्या मध्यातून थेट गावात नाही. 'एल्डन रिंग'मध्ये उघड्या मैदानातून सापडलेल्या कोणत्याही ग्रेसवर (तिथल्या विसाव्याच्या जागेवर) जाता येतं, पण तळघरांत शिरल्यावर किंवा शत्रू मागे लागलेला असताना नाही. 'ड्रॅगन्स डॉग्मा'मध्ये दर उडीला एक फेरीस्टोन (प्रवासाचा जादूचा दगड) खर्च होतो. 'मॉरोविंड'मध्ये मॅपवर बोट ठेवून कुठेच जाता येत नाही: पैसे देऊन सिल्ट स्ट्रायडर (माणसं वाहणारा अवाढव्य किडा) किंवा बोट पकडायची, मेजेस गिल्डच्या वाटाड्याकडून जायचं, नाहीतर मंत्र वापरायचा.

वर्णनं वाचत बसण्यापेक्षा स्वतः करून बघा. एक वेगळं सेव्ह करा, मिळेल तो दगडधोंडा, भांडीकुंडी उचलून मुद्दाम ओझं वाढवा आणि काय काय बंद पडतं ते पाहा. धावणं बंद होतं का? लोळण? फास्ट ट्रॅव्हल? की नुसता स्टॅमिना हळू भरतो? मग तो सेव्ह सोडून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढे तुम्ही कधीच अंदाजाने खेळत नाही. ज्या गेममध्ये एकच ऑटोसेव्ह असतो तिथे हा प्रयोग गावातच करा, बाहेर नको.

ज्या गेममध्ये उडी मारता येत नाही तिथे शॉर्टकट हाच तुमचा फास्ट ट्रॅव्हल. 'डार्क सोल्स'मध्ये अनडेड बर्गमधून लढत लढत, पडत-झडत तुम्ही अनडेड पॅरिशच्या चर्चपर्यंत पोचता. वाटतं, आता घरापासून फार दूर आलो. चर्चमध्ये एका बाजूला लिफ्ट आहे. तिच्यात उभं राहिलं की ती खाली जात राहते, आणि दार उघडतं ते थेट फायरलिंक श्राइनपाशी, जिथून तुम्ही सुरुवात केली होती. एवढा मोठा वाटलेला रस्ता आता काही सेकंदांचा झाला. या गेमची रचना किती विचारपूर्वक केलीय हे मला त्या लिफ्टमध्ये सगळ्यात जास्त जाणवतं. नवख्यांनी यातून घ्यायचं ते असं: औषधं कमी उरली असतील आणि समोर बॉसच्या दारावरचं धुकं व बाजूला न उघडलेला जिना असेल, तर आधी जिना. शॉर्टकट उघडून मेलात तरी तो उघडाच राहतो.

पायरी ३: निघण्याआधी बॅग रिकामी करा

बहुतेक लोक निघताना काय न्यायचं याचा विचार करतात. कशाला जागा उरेल याचा विचार आधी करायला हवा. माझा नियम असा की निघताना बॅगेचा किमान एक तृतीयांश भाग मोकळा असावा. मोहीम लांबची असेल तर अर्धा.

परत येण्याचं साधन सर्वांत आधी बॅगेत टाका. 'एट्रियन ओडिसी'त ते एरियाडनी थ्रेड आहे, भुयाराच्या कुठल्याही मजल्यावरून गावात आणून सोडतं. बॅगेत ६० कप्पे असताना त्यातला एक त्याला द्यायला लोकांचा जीव होत नाही आणि मग अख्खी टोळी तिथेच संपते. 'डार्क सोल्स'मध्ये होमवर्ड बोन शेवटच्या विसाव्याच्या बॉनफायरवर आणतं आणि जमवलेले सोल्स (शत्रू मारून मिळणारं चलन) शाबूत राहतात. 'मॉरोविंड'मध्ये इंटरव्हेन्शनचे स्क्रोल जवळच्या मंदिरापाशी किंवा किल्ल्यापाशी नेतात. नाव काहीही असो, ती वस्तू दोन नगांत ठेवा आणि एक नग कधीच वापरणार नाही असं ठरवून टाका.

मग औषधं. मग चालू हत्यार आणि वेगळ्या प्रकारचं एक पर्यायी हत्यार, कारण काही शत्रूंवर धार चालत नाही. तिसरं हत्यार घरी. क्राफ्टिंगचा कच्चा माल घरी. 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेल्या दहा प्रकारच्या बाटल्या असतील तर त्यातल्या दोन आजच्या मोहिमेसाठी घ्या आणि खरोखर प्या. अवघड गेममध्ये ते तुमच्या जपून ठेवण्यासाठी दिलेलं नसतं. ते वापराल असं धरूनच पुढचे शत्रू तितके कठीण केलेले असतात.

'डार्केस्ट डन्जन'मध्ये हे गणित वेगळं आहे. तिथे जाताना कप्पे मशाली आणि अन्नाने भरलेले असतात आणि ते संपत जातात तशी लुटीला जागा होते. म्हणून सुरुवातीच्या खोल्यांत सापडलेल्या किरकोळ नाण्यांसाठी मशाल फेकू नका, मोहीम अर्धी झाली की मात्र उरलेल्या मशाली आणि सापडलेलं सोनं समोरासमोर ठेवून ठरवा.

पायरी ४: उचलताना भागाकार करा

'स्कायरिम'मधलंच उदाहरण घेऊ, कारण आकडे डोळ्यांसमोर असतात. लोखंडी वॉरहॅमरची मूळ किंमत ६०, वजन २४. सोन्याच्या अंगठीची किंमत ७५, वजन पाव. वॉरहॅमरमध्ये वजनाच्या दर एककाला अडीच नाणी मिळतात, अंगठीत तीनशे. पडलेल्या दरोडेखोराच्या अंगावर दोन्ही असतील तर नवखा खेळाडू हॅमर उचलतो, कारण तो मोठा आणि भारी दिसतो. तसले बारा हॅमर उचलले की २८८ वजन झालं, म्हणजे सुरुवातीची जवळपास सगळी क्षमता गेली. हाताशी आली त्यांची मूळ किंमत ७२०, आणि दुकानदार त्याहूनही कमी देतो.

म्हणून किंमत भागिले वजन. सुरुवातीला पैसा नसतो तेव्हा दर एककाला १० नाणी मिळत असतील तरी उचला. काही तासांनी हा आकडा २० करा, पुढे ५०. दागिने, मंत्राचे स्क्रोल, हलक्या बाटल्या, मौल्यवान खडे यांना कायम हो. सामान्य सैनिकांची चिलखतं आणि दोन हातांची हत्यारं यांना कायम नाही, स्वतः वापरणार असाल तरच. कप्प्यांच्या गेममध्ये वजनाच्या जागी घरांनी भागा. सहा घरं खाणारं चिलखत एका घरातल्या अंगठीच्या सहापट किमतीचं आहे का, एवढाच प्रश्न.

आणखी एक मर्यादा दिसत नाही, ती दुकानदाराच्या खिशाची. 'स्कायरिम'मधल्या किराणा प्रकारच्या दुकानदाराकडे सुरुवातीला साधारण ७५० नाणी असतात आणि ती पुन्हा भरायला गेममधले दोन दिवस जातात. तुम्ही तीन हजारांचा माल पाठीवर लादून आणलात तर त्यातला थोडाच विकला जाणार, बाकीचा गावभर हिंडवत बसावं लागणार. 'मॉरोविंड'मध्ये तर हे टोकाला जातं. कॅल्डेरा गावातल्या एका घरात क्रीपर नावाचा छोटा राक्षस बसलेला असतो, त्याच्याकडे ५,००० नाणी असतात आणि तो पूर्ण किमतीने माल घेतो. त्यामुळे जुने खेळाडू आपला सगळा प्रवास कॅल्डेराभोवती आखतात. तुमच्या गेममध्ये सगळ्यात जास्त पैसे असलेला दुकानदार कोण आणि तो कुठल्या थांब्याजवळ आहे हे लिहून ठेवा. लुटीचा शेवटचा मुक्काम तो आहे.

पायरी ५: कुठून मागे फिरायचं ते आधी ठरवा

लढाईच्या मध्यात हा निर्णय चांगला होत नाही. निघतानाच ठरवा: औषधं अर्धी संपली की परत, बॅग ऐंशी टक्के भरली की परत, यातलं जे आधी होईल ते. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी, कारण परतीच्या वाटेवरही शत्रू असतात आणि काही गेममध्ये ते पुन्हा उभे राहिलेले असतात.

सोल्स प्रकारच्या गेममध्ये यात एक भर घाला. मेलात की जमवलेले सोल्स किंवा रून्स ('एल्डन रिंग'मधलं तसंच चलन) त्या जागी पडतात, आणि ते उचलायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे जातात. म्हणून हातात पुढच्या लेव्हलपुरते सोल्स असतील तर अनोळखी दारात शिरू नका. परत या, खर्च करा, रिकाम्या हाताने जा. गमावण्यासारखं काही नसलं की अनोळखी जागा निवांत पाहता येते, आणि ती जागा पाहणं हाच त्या फेरीचा उद्देश ठेवा.

पायरी ६: साठा एका जागी, सुरक्षित जागी

'स्कायरिम'मध्ये वाटेतल्या गुहेतल्या पेटीत सामान ठेवून 'नंतर नेऊ' असं म्हणू नका. गेममधले १० दिवस तिकडे फिरकला नाहीत की ती जागा पुन्हा पहिल्यासारखी होते, पूर्ण साफ केलेली असेल तर ३० दिवसांनी, आणि तुमचं सामान नाहीसं होतं. स्वतःच्या विकत घेतलेल्या घरातल्या पेट्या सुरक्षित असतात. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये हा प्रश्न फार सोपा केलाय: वस्तूवर क्लिक करून ती कुठूनही थेट कॅम्पवर पाठवता येते. ही सोय आहे हे माहीत नसल्यामुळे अख्खी टोळी ओझ्याने वाकवून खेळणारे पाहिलेत.

सोबती हे ओझं वाहणारे पण आहेत. 'ड्रॅगन्स डॉग्मा'त ओझं पॉन्सवर (तिथल्या सोबत्यांवर) वाटा, मात्र धनुर्धारी आणि जादूगार पॉनवर फार लादू नका, तो लढाईत मागे पडतो. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये घोड्याचं खोगीर हीच तुमची खरी बॅग, त्यामुळे घोडा घेताना वेगाबरोबर तो किती वाहतो हेही बघा.

पायरी ७: उडी कधी मारायची, कधी चालायचं

पहिल्यांदा जाताना चालत जा. थांबे, शॉर्टकट, छोट्या गुहा, वाटेवरचे व्यापारी, सगळं त्या पहिल्या चालण्यात सापडतं, आणि एकदा सापडलेली जागाच पुढे उडी मारायला मिळते. परत येताना बिनधास्त उडी मारा.

पण उडी फुकट असते असं समजू नका. गेममधला वेळ जातो. 'किंगडम कम'मध्ये प्रवासात भूक आणि झोप वाढते, वाटेत दरोडेखोर अडवतात, आणि ओझं जास्त असेल तर फास्ट ट्रॅव्हल होतच नाही. 'पाथफाइंडर: किंगमेकर'मध्ये टोळीचं एकूण ओझं वाढलं की मोठ्या मॅपवरचा वेग मंदावतो आणि मुदत असलेली कामं हातची जातात. तिथे टाकून न दिलेली भंगार चिलखतं तुमचे दिवस खातात, हे आकड्यात दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही.

'ड्रॅगन्स डॉग्मा २'मध्ये एक फेरीस्टोन दुकानात १०,००० सोन्याला मिळतो, त्यामुळे सुरुवातीला त्यांचा विचार फक्त संकटासाठी करा आणि रोजच्या फिरण्याला बैलगाडी वापरा, वाटेत तिच्यावर हल्ला होऊ शकतो हे धरून. स्वतः कुठेही रोवता येणारे पोर्टक्रिस्टल (फेरीस्टोनने उडी मारायचे थांबे) सापडले की ते मोठ्या शहराजवळ लावण्याची घाई होते. तसं करू नका. शहरात जायला दुसरे मार्ग असतातच. जिथे ना गाडी जाते ना रस्ता धड आहे, पण तुम्हाला पुन्हा पुन्हा जावं लागतं, तिथे ते लावा. 'मॉरोविंड'मधल्या मार्क (खूण करणं) आणि रिकॉल (खुणेपाशी परतणं) या मंत्रांचं मात्र उलट आहे. खूण एकच करता येते. ती घरी किंवा दुकानदारापाशी केली की कुठल्याही भुयाराच्या तळातून एका मंत्रात माल विकायच्या जागी पोचता.

पायरी ८: उडीच नसेल तेव्हा

'किंगडम कम'चा हार्डकोअर मोड फास्ट ट्रॅव्हल काढून घेतो आणि मॅपवर तुम्ही कुठे आहात तेही दाखवत नाही. 'फॉलआउट ४'च्या सर्व्हायव्हल मोडमध्ये गोळ्यांनाही वजन असतं आणि पलंगावर झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. ब्रदरहूड या गटाचं व्हर्टिबर्ड (उडतं यान) मागवता येऊ लागेपर्यंत बहुतेक वाट पायीच तुडवायची. अशा ठिकाणी एका क्वेस्टसाठी जाऊन यायचं हा प्रकार सोडा. मॅपवर वर्तुळ काढा: घरातून निघायचं, एकाच दिशेची तीन-चार कामं, मध्ये एक झोपायची जागा, आणि वेगळ्या रस्त्याने परत. दुसऱ्या मुक्कामी एक छोटी पेटी सुरक्षित सापडत असेल तर तिथे औषधं आणि गोळ्यांचा थोडा साठा ठेवा. एकाच बंदुकीच्या गोळ्या न्या.

'आउटवर्ड'मध्ये हीच शिस्त अंगवळणी पडते, कारण तिथे पाठीवरची बॅग ही खरीखुरी वस्तू आहे. भरलेली बॅग पाठीवर असताना लोळण जड होते, म्हणून लढाई सुरू होण्याआधी एका बटनाने ती जमिनीवर टाकता येते. नवख्यांनी हे सरावाने करावं. शत्रू लांबून दिसला की थांबा, बॅग एखाद्या ओळखू येईल अशा खडकापाशी किंवा झाडापाशी टाका, औषध आणि पट्ट्या अंगावरच्या छोट्या थैलीत आहेत ना ते बघा, आणि मग पुढे जा. लढाई त्या खडकापासून फार लांब जाऊ देऊ नका. हरलात तर गेम तुम्हाला भलत्याच ठिकाणी शुद्धीवर आणू शकतो. जिंकलात तर शत्रूचे खिसे तपासायच्या आधी मागे जाऊन बॅग उचला, लूट नंतर.